गळ्यातला पट्टा आणि मुठीतला जीव

चिमूर म्हटलं की जुन्या माणसांना १९४२ चा ऑगस्ट आठवतो, आमच्या सासूबाईंना बालाजीची घोडायात्रा आठवते, आणि पुण्या-मुंबईच्या आमच्या नातेवाइकांना अलीकडे फक्त वाघ आठवतो! ताडोब्याचं कोलारा फाटक आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. पूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नसे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कोण कशाला येतंय? आता मात्र एप्रिल-मे म्हणजे पाहुण्यांचा हंगाम. उन्हाने नाले आटतात, वाघ पाणवठ्यावर येतो आणि वाघामागोमाग नागपूर-उमरेड-भिसीमार्गे आमचे पाहुणे येतात.

पाहुण्यांचं मला काही नाही. वरण-भात, पिठलं-भाकरी, कैरीचं पन्हं, जे असेल ते पुढे ठेवते. पण या पाहुण्यांबरोबर एक काळी बॅग येते. "वहिनी, जरा सांभाळून हं, आत लाखाचा ऐवज आहे," असं म्हणून ती अलगद आपल्या हातात दिली जाते. मैत्रिणींनो, अशी बॅग तुमच्याही घरात असेल किंवा लवकरच येईल. नवरा, दीर, भाऊ, नाहीतर कॉलेजात जाणारी लेक. कुणाला तरी पक्ष्या-प्राण्यांच्या फोटोंचा नाद लागलेला असतोच. त्यातून ताडोब्यात सफारीला जाताना मोबाईल फाटकावरच ठेवून जावे लागतात, त्यामुळे फोटो हवे असतील तर कॅमेरा पाहिजेच, आणि लांबचा वाघ जवळ दिसायला हवा असेल तर त्या कॅमेऱ्याला बाटलीसारखी लांबलचक लेन्सही पाहिजे. फोटो काढणारे फोटो काढतात. ओझं बहुतेक वेळा आपल्या खांद्यावर येतं.

मी काही फोटोग्राफर नाही. घर सांभाळून इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, विषय मराठी आणि इतिहास. तरीही या विषयावर लिहायचा मला हक्क आहे असं मी समजते, कारण एक भलीमोठी लेन्स जमिनीवर आपटायला मी स्वतः कारणीभूत झाले आहे.

त्याचं असं झालं. माझे धाकटे दीर पुण्याहून आले होते, बरोबर जाऊबाई. भाऊजींचा कॅमेरा स्वतःचा होता, पण लेन्स नागपूरच्या एका दुकानातून भाड्याने आणलेली. हल्ली तशा मिळतात. चार दिवसांसाठी अनामत रक्कम ठेवून घेऊन यायची. आदल्या संध्याकाळी मी बॅग उचलून ठेवायला गेले, तर कॅमेऱ्याच्या पट्ट्याला घामाचा असा काही वास! पट्टा नव्हे, जुनं पायपुसणंच. माझा हात शिवशिवला. मी पट्टा काढला, साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळला, पंख्याखाली वाळवला आणि रात्री परत ओवून टाकला. कसा ओवला? परकराची नाडी ओवावी तसा. टोक कॅमेऱ्याच्या कडीतून घातलं, बकलातून एकदा काढलं, ओढलं, झालं! दिसायला अगदी व्यवस्थित दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कोलारा फाटकातून आत शिरलो. मोहाच्या फुलांचा वास, वर अजून चांदण्या, सगळे खुशीत. तासाभराने कुठेतरी सांबराचा खणखणीत आवाज आला. गाईडने हात वर केला. भाऊजी उभे राहिले, कॅमेरा गळ्यात, दोन्ही हात पुढच्या दांडीवर. आणि ड्रायव्हरने गाडी जरा पुढे घेतली, तेवढ्यात चाक एका मुळावरून गेलं. एवढासा गचका. पण पट्ट्याचं एक टोक बकलातून सुळ्ळकन निघालं, कॅमेरा एका बाजूने लोंबला, जिप्सीच्या लोखंडी कडेवर आदळला आणि सरळ रस्त्यावर.

भाऊजींचा पाय त्याच क्षणी गाडीच्या बाहेर! लाखाची वस्तू डोळ्यांदेखत पडली की माणसाला दुसरं काही सुचत नाही. गाईडने त्यांच्या खांद्याला धरून मागे खेचलं. "कोनी खाली उतरू नोका जी! सामान काही पयून नाई जात!" त्याचा आवाज दबका होता, पण असा की आम्ही सगळे जागच्या जागी बसलो. मग ड्रायव्हरने गाडी मागे घेऊन कॅमेऱ्याच्या अगदी लगत आणली, दोघांनी चारी बाजूंची झुडपं नीट पाहिली आणि गाईडने वाकून तो वर घेतला.

बायांनो, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. याच कोलारा परिक्षेत्रात २० नोव्हेंबर २०२१ रोजी स्वाती ढुमणे या वनरक्षक तरुणीचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या जंगलात पायी गणनेच्या कामावर होत्या, जंगल जाणणाऱ्या होत्या. आपण तर तिथे दोन घटकांचे पाहुणे. ताडोब्यात गाडीतून खाली उतरायचं नाही हा नियम आपल्या जिवासाठी आहे. पण वस्तू हातातून पडली की नियम क्षणभर विसरला जातो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मी म्हणते, पट्टा हा नुसता सामानाचा प्रश्न नाही.

घरी आल्यावर काय झालं ते सांगायला नकोच. लेन्सची काच शाबूत होती, पण कॅमेऱ्याला जिथे ती बसते तिथली धातूची चकती वाकून तिचे स्क्रू उपटून आले होते. अनामत रक्कम तर गेलीच, वर कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च. भाऊजी बिचारे "जाऊ द्या वहिनी" म्हणाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "धुवायचं काय नडलं होतं तुला?" त्यावर मी काय बोलणार! दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्याची वस्तू, आणि ती आपल्या टापटिपीपायी मोडावी!

पुढच्या आठवड्यात ह्यांच्याबरोबर नागपूरला कॅमेरा दुरुस्तीला टाकायला मीही गेले. मनात ठरवून गेले होते की विचारायचंच, चूक नेमकी कुठे झाली. दुरुस्ती करणारे गृहस्थ वयस्कर होते. माझी सगळी हकिगत ऐकून ते हसले आणि म्हणाले, "बाई, पट्टा चुकीचा ओवला हे खरं. पण बरोबर ओवला असता तरी हे कधी ना कधी होणारच होतं. एवढी मोठी लेन्स कॅमेऱ्याला लटकवायची नसते. कॅमेरा लेन्सला लटकवायचा असतो."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होते. त्याचा अर्थ असा.

साधा छोटा कॅमेरा असतो तेव्हा कॅमेरा जड आणि लेन्स हलकी. पट्टा कॅमेऱ्याच्या दोन कड्यांना लावला की झालं. पण जंगलात वापरतात ती १५०-६०० किंवा २००-५०० अशा आकड्यांची लेन्स दोन किलोच्या आसपास असते. काही सव्वादोन किलो, काही पावणेतीनसुद्धा. तिच्यापुढे कॅमेरा जेमतेम पाऊण किलो, फार तर किलोभर. म्हणजे ओझं कॅमेऱ्याचं नाहीच, लेन्सचं आहे. आता पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर आपण घरभर फिरतो, पण तीच कळशी हात लांब करून धरून पाहा. मनगट उतरतं की नाही? तसंच कॅमेऱ्याच्या त्या चकतीचं होतं. लांब लेन्स पुढे लोंबत राहते आणि सगळा भार काही बारक्या स्क्रूंवर येतो. एका दिवसात मोडत नाही, पण दर गचक्याला थोडं थोडं झिजतं, सैल होतं.

म्हणून मोठ्या लेन्स बनवणाऱ्यांनीच तिच्या पोटाला एक कडं दिलेलं असतं, त्याला कॉलर म्हणतात, आणि त्या कॉलरला खाली एक पाय असतो. तो तिपाईवर बसवण्यासाठी असतो हे खरं, पण वजनाचा तोलही साधारण तिथेच साधतो. काही लेन्सना पट्टा अडकवायला स्वतःच्या कड्याही असतात. पट्टा तिथे लावायचा. म्हणजे लेन्स पट्ट्याला लटकते आणि हलका कॅमेरा लेन्सच्या शेपटाला राहतो. हातात घेतानाही कॅमेऱ्याला धरून उचलायचं नाही, डावा हात लेन्सच्या पोटाखाली गेलाच पाहिजे. मी आमच्या जाऊबाईंना सांगितलं, "अगं, कॅमेरा-लेन्स मिळून तीन किलो होतात, म्हणजे नुकतं जन्मलेलं बाळच समज. बाळाला आपण दंडाला धरून उचलतो का? एक हात मानेखाली, एक पाठीखाली." तिला ते एका वाक्यात पटलं. तिची दोन बाळंतपणं मी केली आहेत!

आता पट्टा ओवण्याविषयी, कारण माझी चूक तिथेच झाली. चपट्या पट्ट्याला एक छोटं सरकतं कडं असतं आणि एक बकल असतं. आधी टोक त्या सरकत्या कड्यातून घ्यायचं, मग कॅमेऱ्याच्या किंवा लेन्सच्या कडीतून, मग परत त्याच सरकत्या कड्यातून. आता बकल. बकलात पट्टा आधीच एकदा गेलेला असतो. आपलं टोक त्याच्या पोटातून, म्हणजे आतल्या बाजूने, दोन्ही फटींतून न्यायचं आणि चांगलं चार बोटं शेपूट शिल्लक ठेवायचं. शेपूट आतल्या बाजूला राहिलं की वजन पडल्यावर पट्टा स्वतःच स्वतःला दाबून धरतो. मी बकलातून एकदाच ओढला होता, त्यामुळे दाबायला काही नव्हतंच. नायलॉन तर मुळातच गुळगुळीत, त्यातून नुकता धुतलेला.

ओवून झालं की एका हाताने कडीजवळ धरून दुसऱ्या हाताने जोरात ओढायचं. भीड ठेवायची नाही. सुटायचा असेल तर तो घरात, गादीवर सुटू दे. आमच्याकडे आता एक पद्धत पडली आहे. नवा पट्टा आला किंवा धुऊन परत ओवला की त्याची टोकं कापडी पिशवीच्या बंदांना त्याच रीतीने ओवायची, पिशवीत पाच किलो तांदूळ भरायचे आणि ती झोपाळ्याच्या कडीला रात्रभर टांगून ठेवायची. सकाळी शेपूट होतं तेवढंच आहे का ते बघायचं. बोटभर जरी आत सरकलं असेल तर पट्टा किंवा बकल कामाचं नाही. पाहुण्यांना हे बघून हसू येतं. येऊ दे!

दुसऱ्या जातीचे पट्टेही निघाले आहेत. त्यात एकच मजबूत स्क्रू असतो, तो कॉलरच्या पायाला बसवायचा आणि पट्टा जानव्यासारखा आडवा घालायचा. कॅमेरा कमरेशी उलटा लोंबतो, लेन्सचं तोंड खाली. मला स्वतःला हीच पद्धत पसंत आहे, पण डोळे मिटून नव्हे. सगळं ओझं एका स्क्रूवर, आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर जिप्सीत तासन्‌तास हादरे. मिक्सरच्या भांड्याचा तळ कसा रोजच्या थरथरीने सैल होतो, तसाच हा स्क्रू सैल होतो. त्याच्याखाली रबरी वॉशर असतो तो हरवू द्यायचा नाही, आणि गाडी थांबली की दर वेळी स्क्रू बोटांनी पिळून बघायचा. शिवाय कॉलरची कळ. काही लेन्सची कॉलर ती कळ पूर्ण सैल केली की बिजागरीसारखी उघडते, म्हणजे पट्ट्यात राहील फक्त कॉलर आणि लेन्स जमिनीवर! तीही घट्ट आहे का पाहायची. आणि अशा पट्ट्याबरोबर एक बारीक जादा दोरी मिळते ती पाकिटात तशीच ठेवतात बहुतेक लोक. ती कॅमेऱ्याच्या कडीला आणि पट्ट्याला बांधायची. एक सुटलं तर दुसरं धरेल. साडीच्या निऱ्या खोचल्या तरी आपण पिन लावतोच की!

पट्टा आडवा घालायचा तो मानेसाठीसुद्धा. आपलं डोकंच साडेचार-पाच किलोचं, ते मान जन्मभर पेलते. त्यात पुढच्या बाजूला तीन किलो टांगले की मान पुढे ओढली जाते, खांदे गोल होतात, आणि संध्याकाळी मळमळ, डोकेदुखी. जाऊबाई दोन दिवस भाऊजींचा कॅमेरा मधून मधून गळ्यात घेऊन बसत होत्या. तिसऱ्या दिवशी मान वळेना. आमच्या भागातल्या बायका तेंदूपानाचे भारे, सरपणाच्या मोळ्या वाहतात त्या पाहा. डोक्यावर चुंबळ, ओझं बरोबर कण्याच्या वर, अंगाच्या बाहेर काही लोंबत नाही. मुलाला घेतात तेही कडेवर, कमरेच्या हाडावर टेकवून. लेन्सचं ओझंही तसंच अंगाजवळ, कमरेशी हवं, आणि त्यावर आपला एक हात. म्हणजे चालताना ती झोके घेत गुडघ्यावर आदळत नाही. पट्टा तीन-चार बोटं रुंद असावा. बारीक पट्टा खांद्यात रुततो, मग पिशवीचा बंद असो की लेन्सचा.

आपल्या बायकांच्या काही खास अडचणी मात्र दुकानदारांना ठाऊक नसतात. एक म्हणजे मंगळसूत्र. पट्ट्याच्या बकलात काळे मणी अडकले की पट्टा ओढताना पोत तुटते. माझी तुटली आहे. सफारीला जाताना ते ब्लाउजच्या आत घ्यावं, लांब कानातली घालू नयेत. दुसरी अडचण साडीची. पदर डाव्या खांद्यावर आणि उजव्या हाताने कॅमेरा घ्यायचा तर पट्टाही डाव्याच खांद्यावर येतो. रेशमी किंवा नायलॉनच्या पदरावरून तो घसरतो आणि पदरालाही घेऊन जातो. सुती साडी असेल, पदर पिन केलेला असेल आणि पट्ट्याची आतली बाजू खरखरीत असेल तर बसतो. मी तर सरळ पंजाबी ड्रेस घालते. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

साडीवरून आठवलं. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. स्वातंत्र्याच्या काळात दिल्लीत त्या साडी नेसून, सामान सायकलवर लादून फोटो काढत फिरायच्या. त्या वेळचे वृत्तपत्रांचे कॅमेरे म्हणजे लहानशी पेटीच! त्या पेटीला बाजूला हात अडकवायला चामड्याचा पट्टा असे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मी सातवीच्या मुलींना त्यांच्याविषयी सांगते तेव्हा मुली हमखास विचारतात, "बाई, साडीत सायकल?"

आणि आजच्या लेन्स त्या मानाने हलक्या होत चालल्या आहेत, हेही सांगायला हवं. कॅनन कंपनीची मोठी ६०० ची लेन्स १९९९ मध्ये पाच किलोंहून जड होती. २०१८ मध्ये आलेली तीन किलोंच्या जरा वर आहे. किंमत मात्र हलकी झाली नाही.

गाडीत बसल्यावरच्या गोष्टी मला कोलाऱ्याच्या एका गाईडताईने शिकवल्या. आमच्या फाटकावर बायकाही गाईडचं काम करतात, हे बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला अभिमान वाटतो. ती म्हणाली, उभं राहून फोटो काढताना पट्टा अंगातच ठेवायचा. पण गाडीत चढता-उतरताना आधी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, समोरच्याने "धरला" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही, आणि मग चढायचं. पट्टा दांडीत, सीटच्या कडीत अडकला आणि माणूस पुढे गेला तर गळ्यालाच फास. लांबून गाडी चालत असेल तेव्हा कॅमेरा मांडीवर, पट्ट्याचा एक वेढा मनगटाला. लोंबता ठेवायचाच नाही. लहान मुलाच्या गळ्यात तर कधीही अडकवायचा नाही. माझ्या मुलाला हौस होती, तिने त्याला सरळ नाही म्हटलं आणि हातात दुर्बीण दिली.

तिनेच दुसरी युक्ती सांगितली. ओझं अंगावर कमीत कमी वेळ राहावं म्हणून जिप्सीच्या कडेवर टेकवायला एक उशी करायची. बाजारात ती भारी किमतीला मिळते. आपण घरीच शिवू शकतो. जुन्या जीन्सचा एक पाय हातभर कापायचा, दोन्ही तोंडं शिवायची, एका बाजूला चेन. आत तांदूळ किंवा हरभरे पाऊण भाग भरायचे, गच्च नको, म्हणजे लेन्स त्यात रुतून बसते. आमच्याकडे तांदळाला तोटा नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, ज्यांनी स्वतःच्या शेतात निवडून निवडून एचएमटी वाण तयार केला, त्यांच्याच मुलुखातले आम्ही. पण उशीत चांगला तांदूळ घालायला मन होत नाही, मी त्याची चुरी भरते. पाहुण्यांना सांगते, येताना रिकामी पिशवी आणा, भरायला इथे मिळेल. म्हणजे प्रवासात तेवढं ओझं कमी. पावसाळ्यापूर्वी आठवणीने रिकामी करावी, नाहीतर किडे होतात.

आता तुमच्यापैकी शिवणकाम जाणणाऱ्या म्हणतील, मग पट्टाच घरी शिवला तर? मीही शिवला होता. खाटेच्या नवारीचा, छान रुंद, सुती, न घसरणारा. कापड उत्तमच होतं. पण टोकांना मी कटलरीच्या दुकानातल्या आकड्या लावल्या, चाव्यांच्या जुडग्याला असतात तशा, आणि पाच किलो तांदळाने त्यातली एक रात्रीतून सरळ करून ठेवली. तेव्हा माझं मत असं की पट्टा, बकल आणि कडी बाजारची, चांगल्या प्रतीची घ्यावी. खांद्यावरची गादी घरची करावी. नवारीची दुहेरी पट्टी, आत जुन्या ब्लँकेटचा तुकडा, चारी बाजूंनी चौकट आणि मध्ये फुलीची शिवण. ती बोगद्यासारखी करून पट्टा त्यातून ओवला की गादी काढून वेगळी धुता येते. माझी धुण्याची खोडही भागते आणि बकलाला हात लावावा लागत नाही.

धुण्याचं म्हणाल तर पट्टा धुवावाच. घामाच्या मिठाने शिवण कुजते. मात्र उन्हात टाकू नये, आमच्या मे महिन्यातल्या उन्हात रबर चरचरीत होतं. चामड्याचा पट्टा असेल तर पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, तो पुसून मोकळ्या हवेत ठेवावा. आणि वर्षातून एकदा सगळी शिवण, विशेषतः टोकांजवळची, नखाने उचकून बघावी. एक टाका सुटलेला दिसला तरी तो पट्टा पिशवीला लावावा, लेन्सला नको.

घरात कॅमेरा टेबलावर ठेवला की पट्टा कडेवरून लोंबत राहतो. रांगतं मूल असलेल्या घरात हे म्हणजे उकळत्या चहाच्या पातेल्याची दांडी ओट्याबाहेर ठेवण्यासारखं. पट्टा गुंडाळून कॅमेऱ्याखाली. एसटीत बॅग वरच्या फळीवर नको, पायाशी. बॅग उचलायच्या आधी चेन लागली आहे का हे हात फिरवून बघायचं, कारण "मी लावली होती" असं दोघांनाही वाटत असतं. पाठीवरची बॅग असेल तर दोन्ही बंद घालायचे आणि उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं. गॅसची टाकी सरकवताना शिकलेलं इथेही चालतं.

यंदा भाऊजी पुन्हा आले. या वेळी लेन्स स्वतःची, आडवा पट्टा, जादा दोरी, सगळा सरंजाम. पहाटे चारला मी चहा टाकला. ते बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, रात्री मीच ओवलाय सगळा. तेवढं एकदा ओढून बघता का?" मी हात पुसले, एक बाजू ओढली, पक्की होती. दुसरी ओढली आणि जादा दोरीचं टोक माझ्या हातात आलं.

ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग आम्ही दोघांनी ओट्याजवळच्या दिव्याखाली ती दोरी परत बांधली. चहा तोवर गार झाला होता, तो तसाच प्यायलो आणि निघालो.